माणसाचा भाव कोण ठरवणार?

१९ मार्च १९८६ या दिवशी यवतमाळ जिल्ह्यातल्या महागाव तालुक्यातलं चिलगव्हाण गावचं एक शेतकरी कुटुंब संपलं. आईबाप आणि चार लेकरं. महाराष्ट्रातली शेतकरी कुटुंबाची पहिली जाहीर आत्महत्या म्हणून हा दिवस ओळखला जातो. गेली काही वर्षं शेतकऱ्यांविषयी आस्था असलेली माणसं राज्यभर या दिवशी अन्नत्याग करतात. ज्यानं पिकवलं त्याची आठवण म्हणून ती एक दिवस जेवत नाहीत.

ख्रिस्ती पंचांगात ईस्टरचा रविवार २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान येतो आणि त्याआधीचे सहा-साडेसहा आठवडे उपवासाचे असतात. हिशेब केला तर १९ मार्च कोणत्याही वर्षी या उपवासकाळातच पडतो. कॅथलिक मंडळी याच दिवशी योसेफाचं स्मरण करतात. हा योसेफ नाझरेथ गावचा सुतार, हातावर पोट असलेला कुटुंबप्रमुख. यवतमाळच्या एखाद्या चर्चमध्ये त्या दिवशी प्रार्थना चालते आणि चार कोसांवरच्या गावात कुणी शेतकऱ्यांसाठी अन्न वर्ज्य करून बसलेलं असतं. या दोन उपवासांची एकमेकांशी ओळख नाही. ती व्हायला हवी, असं मला एक ख्रिस्ती म्हणून मनापासून वाटतं. कारण दोन्ही उपवास एकाच गोष्टीला नकार देतात: माणसाची किंमत त्याच्या खात्यावरच्या आकड्यावरून ठरवण्याला.

भोगवादाविरुद्ध बोलायचं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मुंबई-पुण्याचे मॉल येतात. यवतमाळमध्ये भोगायला आहेच काय, असा प्रश्न कुणीही विचारील, आणि तो रास्त आहे. कोरडवाहू पाच एकरांत पऱ्हाटी आणि तूर लावणाऱ्याला साधेपणाचा उपदेश करणं हा क्रूरपणा ठरेल. पक्कं घर, दारात मोटारसायकल, मुलीला कॉलेजात शिकवण्याची ऐपत या गोष्टी हव्याशा वाटण्यात कसलंही पाप नाही. वस्तू ही माणसाची मोजपट्टी होते, तिथून पाप सुरू होतं. ही मोजपट्टी श्रीमंताच्या हातात असते तेव्हा ती मिजास होते. गरिबाच्या मनात ती शिरते तेव्हा तिची लाज होते. कर्जाला कारणं अनेक आहेत: पडलेला भाव, लहरी पाऊस, बोंडअळी, दवाखान्याचा खर्च, कृषी केंद्रावरची उधारी. ती सारी कारणं बाहेरची आहेत आणि त्यांचे उपायही बाहेरच शोधावे लागतील. पण थकबाकीदार झालो म्हणजे माणूस म्हणूनच संपलो, ही भावना आतली आहे. ती बाजारानं पेरली आहे आणि समाजानं तिला पाणी घातलं आहे.

हे आजचं नाही. वऱ्हाड प्रांत १८५३ मध्ये निजामानं इंग्रजांच्या स्वाधीन केला तोच मुळी फौजेच्या थकलेल्या कर्जापोटी. पुढे १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, गुलामांच्या हातांनी वेचलेला तिथला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि सगळ्यांच्या नजरा वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे वळल्या. भाव चढले. ज्वारीच्या रानात कापूस शिरला. युद्ध संपताच भाव कोसळले, पण जमिनीचं आणि माणसाचं गणित बाजाराच्या हाती गेलं ते गेलंच. मूर्तिजापूर ते यवतमाळ ही अरुंद रुळांची रेल्वे, जिला आपण प्रेमानं शकुंतला म्हणतो, ती कापूस वाहून नेण्यासाठीच एका इंग्रज कंपनीनं टाकली. एवढा कापूस पिकवणाऱ्या याच वऱ्हाडात १८९९-१९०० च्या दुष्काळात माणसं अन्नावाचून मेली. हातात नगदी पीक असूनही ताटात भाकर नाही, हा अनुभव या जिल्ह्याला सव्वाशे वर्षांपूर्वीच आला होता.

त्याच एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस यवतमाळमध्ये फ्री मेथडिस्ट मिशनरी आले. त्यांच्या मंडळीचा जन्म कशातून झाला हे आज त्यांच्या चर्चमध्ये बसणाऱ्या अनेकांनाही ठाऊक नसेल. अमेरिकेत त्या काळी अनेक चर्चमधली बाकं भाड्यानं दिली जात. पैसेवाली कुटुंबं पुढची बाकं घेत आणि गरिबांनी मागे, कडेला, जागा मिळेल तिथं बसायचं. बी. टी. रॉबर्ट्स या पाळकानं याविरुद्ध आवाज उठवला. देवाच्या घरात जागा विकत मिळता कामा नये, हे त्याचं म्हणणं होतं. गुलामगिरीलाही त्याचा कडवा विरोध होता. १८५८ मध्ये त्याला मेथडिस्ट मंडळीतून काढून टाकण्यात आलं आणि १८६० मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या पेकिन या गावी फ्री मेथडिस्ट चर्च स्थापन झालं. गुलामांकडून कापूस वेचून घेणाऱ्या व्यवस्थेला आणि विकाऊ बाकांना नकार देणारी ही मंडळी काही दशकांत कापसाच्याच जिल्ह्यात येऊन पोचली. त्यांनी इथं शाळा काढल्या, उमरीला दवाखाना चालवला. अनेक मिशनांनी मिळून १९५३ मध्ये यवतमाळला युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू केली. ती १९८३ मध्ये पुण्याला जाईपर्यंत देशाच्या कानाकोपऱ्यांतले भावी पाळक या कापसाच्या गावात राहून शिकले.

या परंपरेच्या मुळाशी मेथडिस्ट चळवळ सुरू करणारा जॉन वेस्ली आहे. ऑक्सफर्डमध्ये असताना त्याचं उत्पन्न वर्षाला तीस पौंड होतं. अठ्ठावीस पौंडांत तो भागवी आणि दोन पौंड दान करी. पुढच्या वर्षी उत्पन्न साठ पौंडांवर गेलं, तरी स्वतःवरचा खर्च अठ्ठावीसच राहिला आणि बत्तीस पौंड दान झाले. मिळकत वाढली की गरजा वाढल्याच पाहिजेत, हा बाजाराचा पहिला नियम त्यानं कुठलंही भाषण न करता मोडला. म्हातारपणी त्याला याच गोष्टीची चिंता लागली होती. श्रद्धा माणसाला कष्टाळू आणि काटकसरी करते, कष्ट आणि काटकसर त्याला श्रीमंत करतात आणि श्रीमंती शेवटी श्रद्धेलाच गिळते, असं त्यानं १७८६ मध्ये लिहून ठेवलं. पुढे समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरनं विसाव्या शतकाच्या आरंभी प्रॉटेस्टंट शिस्त आणि भांडवलशाही यांचं नातं उलगडून दाखवलं, पण धोक्याची घंटा घरातल्याच माणसानं त्याआधी शंभरावर वर्षं वाजवली होती. ख्रिस्ती धर्मानं भोगवादाला नेहमी विरोधच केला असा दावा इतिहास मान्य करणार नाही. त्याच्या पोटी हा विरोध सतत जन्म घेत राहिला आणि पुष्कळदा तो आपल्याच मंडळीविरुद्ध उभा राहिला, असं म्हणणं खरं आहे.

या विरोधाची हत्यारं अगदी साधी आहेत. पहिलं हत्यार विसाव्याचा दिवस. आठवड्यातला एक दिवस काम नाही, आणि हा नियम मालकापुरता नाही. मोशेच्या नियमशास्त्रात तो चाकर, परका, बैल आणि गाढव या सगळ्यांसाठी सांगितला आहे. विसावा हा पगारातून कमावलेला हक्क न राहता देवानं सर्वांना दिलेली देणगी होतो, तेव्हा बाजाराच्या हातून आठवड्याचा सातवा हिस्सा सुटतो. दुसरं हत्यार रोजच्या भाकरीची प्रार्थना. येशूनं शिष्यांना आजच्यापुरती भाकर मागायला शिकवलं. ती मागणी अनेकवचनी आहे, मागणारा सगळ्यांसाठी मागतो. इस्राएली लोकांना अरण्यात मान्ना मिळे, त्यातला उद्यासाठी साठवून ठेवलेला वाटा सडून जाई, ही कथा याच शिकवणीचा पाया आहे. लूकच्या शुभवर्तमानात एक धनवान कोठारं पाडून मोठी कोठारं बांधायला निघतो आणि त्याच रात्री मरतो. तो लुच्चा नव्हता, पीक त्याच्याच शेतातलं होतं. पुरेसं म्हणजे किती, हा प्रश्न त्यानं स्वतःला कधी विचारला नाही, एवढाच त्याचा दोष.

तिसरं हत्यार यवतमाळला सर्वात जवळचं आहे: कर्जमाफी. जुन्या करारात दर सातव्या वर्षी ऋण सोडून देण्याची आज्ञा आहे आणि पन्नासाव्या, योबेलच्या वर्षी विकावी लागलेली जमीन मूळ कुटुंबाकडे परत जाते. सातवं वर्ष जवळ आलं म्हणून गरिबाला उसनं द्यायला हात आखडू नका, अशी ताकीदही तिथं दिलेली आहे. हा कायदा प्रत्यक्षात किती पाळला गेला यावर अभ्यासक वाद घालतील. त्यामागचा विचार मात्र स्वच्छ आहे: ऋण कायमचं नसतं, कायमचं नातं देवाशी आणि जमिनीशी. मराठी माणसाला हे परकं वाटायचं कारण नाही. तुकोबांनी आपल्या वाट्याची गहाणखतं इंद्रायणीत बुडवली, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. विदर्भाच्याच मातीतल्या गाडगेबाबांनी हातात खराटा घेऊन कर्ज काढून लग्नं करू नका म्हणून गावोगाव सांगितलं. आपण ख्रिस्ताकडे आलो ते तुकोबांच्या पुलावरून, असं रेव्हरंड नारायण वामन टिळक म्हणत, ते या अर्थानंही खरं आहे.

टिळकांचं आयुष्य हा या विचाराचा मराठी पुरावा आहे. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यात त्यांचं घर, गोत, प्रतिष्ठा सारं गेलं. मिशनची नोकरी मिळाली, नाव झालं. पण १९१७ मध्ये त्यांनी तीही सोडली, ख्रिस्ती संन्यासी झाले आणि देवाचा दरबार काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या दोघांनाही जागा होती. मिशनच्या पगारावर उभी असलेली श्रद्धा मिशनच्या हिशेबातच विचार करू लागते, ही अडचण त्यांना दिसली होती. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त हा माणूस पैशाच्या बाबतीत किती बेफिकीर होता ते पानोपानी दिसतं, आणि त्या बेफिकिरीचा भार घर चालवणाऱ्या बाईवर कसा पडे तेही दिसतं. त्यागाची कथा सांगताना ही दुसरी बाजू लपवू नये. घरातल्या बाईला न विचारता केलेला त्याग अर्धाच असतो.

यवतमाळची शीव ओलांडली की वर्धा लागतं. द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा येशूचा दृष्टान्त फिरत फिरत तिथं कसा पोचला, तो प्रवास पाहण्यासारखा आहे. मळ्याचा मालक पहाटे मजूर लावतो, दुपारी लावतो, दिवस मावळायला तासभर उरला असतानाही लावतो, आणि संध्याकाळी सगळ्यांना सारखीच मजुरी देतो. घरी चूल सगळ्यांचीच पेटायची असते. या दृष्टान्तावरून इंग्रज लेखक रस्किननं १८६० मध्ये आपल्या अर्थशास्त्रविषयक निबंधांना नाव दिलं. ते पुस्तक गांधीजींनी १९०४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत आगगाडीत वाचलं आणि पुढे ‘सर्वोदय’ नावानं गुजरातीत आणलं. १९३६ मध्ये गांधीजी सेवाग्रामला राहायला आले. त्याच्या आधीच वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचं काम सुरू झालं होतं आणि त्याची धुरा जे. सी. कुमारप्पा या तमिळ ख्रिस्ती माणसाच्या खांद्यावर होती. कुमारप्पा हिशेबतपासनीस होते, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकले होते. विलायती सूट उतरवून त्यांनी खादी घातली आणि तेलघाणी, गूळ, हातकागद यांचं अर्थशास्त्र मांडलं. ‘छोडो भारत’च्या काळात जबलपूरच्या तुरुंगात त्यांनी दोन पुस्तकं लिहिली, एक टिकाऊ अर्थव्यवस्थेवर आणि दुसरं येशूच्या शिकवणीवर. एकाच तुरुंगात लिहिलेली ही दोन पुस्तकं एकाच विचाराची आहेत. निसर्गातून आणि शेजाऱ्याकडून ओरबाडून उभी राहिलेली अर्थव्यवस्था टिकत नाही आणि अशा अर्थव्यवस्थेत राहून येशूच्या मागे जाता येत नाही, हे त्यांचं सांगणं होतं. कापसाच्या जिल्ह्याच्या शेजारी काम करणाऱ्या एका ख्रिस्ती अर्थतज्ज्ञानं हे लिहावं आणि आपल्या मंडळ्यांमध्ये त्याचं नावही निघू नये, याची मला खंत वाटते.

इथं एका मोठ्या आक्षेपाला तोंड दिलंच पाहिजे. तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा आहे. १९५० मध्ये बुद्ध आणि त्याच्या धर्माच्या भवितव्यावर लिहिताना त्यांनी धर्माच्या कसोट्या सांगितल्या, त्यांतली एक अशी की धर्मानं दारिद्र्याला पवित्र ठरवू नये, त्याचं उदात्तीकरण करू नये. विदर्भात राहून धर्माविषयी लिहिणाऱ्या कुणालाही या कसोटीवरून वळसा घालून जाता येणार नाही. मला ती पूर्णपणे मान्य आहे. उपासमार हे तप नव्हे. ज्याला निवड आहे त्यानं केलेला त्याग हाच त्याग. ज्याला निवडच नाही त्याच्यावर लादलेली टंचाई हा अन्याय. येशूनं भुकेल्यांना आधी जेवू घातलं. जकातदार जक्कयाच्या घरी तो पाहुणा गेला तेव्हा जक्कयानं अर्धी संपत्ती गरिबांना देऊ केली आणि ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट परत करीन म्हणाला. बदलाचा भार तिथं लुबाडणाऱ्यावर पडला, लुबाडलेल्यावर नाही. म्हणून साधेपणाचा उपदेश चर्चनं करायचाच असेल तर तो पगारदाराला, व्यापाऱ्याला, जमीनदाराला आणि स्वतःला करावा. कापूस वेचणाऱ्या बाईसमोर त्यानं मजुरीचं बोलावं.

दुसरा आक्षेप असा की विसावा, प्रार्थना, उपवास असा शांत प्रतिकार म्हणजे गप्प बसणं. २०१७ मध्ये याच जिल्ह्यात कीटकनाशकांची फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. तिथं नुसती प्रार्थना पुरेशी होती का? नव्हती. शांतता आवाजाची असावी, भूमिकेची नसावी. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हे जगून दाखवलं. केळीच्या बागा आणि विहिरींचं पाणी बिल्डरांच्या घशात जाऊ लागलं तेव्हा १९८० च्या दशकाच्या अखेरीस ते हरित वसईच्या चळवळीत उतरले. धमक्या आल्या तरी हा पाद्री मागे हटला नाही आणि त्याच्या बोलण्यात द्वेषही आला नाही. ‘सुवार्ता’ मासिक चालवत, बायबल सुबोध मराठीत आणत त्यांनी हे काम केलं. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२ वं अखिल भारतीय साहित्य संमेलन भरलं, त्याचं उद्घाटन आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबातल्या एका बाईनं केलं. पुढच्याच वर्षी उस्मानाबादच्या संमेलनाच्या अध्यक्षपदी फादर दिब्रिटो होते. मराठी साहित्यानं लागोपाठ दोन वर्षी ज्यांना मान दिला, त्यांत एक बाजाराची बळी होती आणि एक बाजाराला अडवणारा होता.

आता आपल्या घराकडे. भोगवाद चर्चच्या फाटकाबाहेर थांबलेला नाही. विश्वास धर, दान दे, देव दसपट परत करील, अशी शिकवण आज मोठमोठ्या मंडपांतून दिली जाते आणि आपली माणसं ती ऐकायला जातात. यात देवाला सावकार केलं जातं आणि प्रार्थनेला हप्ता. आजारी पडलेल्या, कर्जात बुडालेल्या विश्वासणाऱ्याला मग वाटू लागतं की आपला विश्वासच कमी पडला. बाजारानं दिलेल्या लाजेवर धर्मानं शिक्का मारावा, याहून वाईट काय असेल? मिशनच्या जमिनीवरून आपल्यातच खटले चालतात. पुढच्या बाकाचं भाडं आता कुणी घेत नाही, पण मोठ्या देणगीदाराचं नाव संगमरवरावर कोरलं जातं. रॉबर्ट्सनं ज्याविरुद्ध आवाज उठवला ते मागच्या दारानं परत आलं आहे. दुष्काळात मिशननं अन्न दिलं म्हणून तुम्ही ख्रिस्ती झालात, हा टोमणा आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकतो. उपाशी लेकराला जेवू घालण्यात लाजण्यासारखं काही नव्हतं. लाज तेव्हा वाटावी, जेव्हा त्या लेकराची नातवंडं पोटभर जेवून शेजारच्या उपाशी घराकडे पाहत नाहीत.

यवतमाळच्या मंडळ्या लहान आहेत, त्यांच्या हाती सत्ता नाही, पैसाही फारसा नाही. त्यांच्या आवाक्यातल्या गोष्टी मात्र पुष्कळ आहेत. कर्ज काढून होणारं लग्न पाळकानं आधीच थांबवावं आणि मंडळीनं मिळून साधं लग्न लावून द्यावं. दशांशाचा आणि दानपेटीचा हिशेब भिंतीवर लावावा. मंडळीत ज्यांच्या शेतावर मजूर राबतात त्यांनी वेचणीची मजुरी ठरलेल्या दिवशी चुकती करावी आणि रविवारी मजुरालाही विसावा द्यावा. शेतमालाच्या भावाचा, फवारणीच्या सुरक्षेचा, फायनान्स कंपन्यांच्या वसुलीचा प्रश्न निघाला की इतर धर्मांच्या शेजाऱ्यांबरोबर रस्त्यावर उभं राहावं. १९ मार्चला आपल्या उपवासात चिलगव्हाणचं नाव घ्यावं. आणि कुणाच्या दारावर बँकेची नोटीस लागली की धर्म न विचारता त्या घरी जाऊन बसावं, रिकाम्या हातांनी जावं लागलं तरी जावं.

या शेवटच्या गोष्टीला मी सर्वात जास्त महत्त्व देतो. सरकारनं २००६ मध्ये विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज दिलं, पुढे कर्जमाफ्याही झाल्या. त्या हव्याच होत्या आणि पुढेही मागाव्या लागतील. पण थकबाकीदाराच्या दारात चहा प्यायला जाणारा शेजारी कोणत्याही पॅकेजमधून येत नाही. माणूस देवाच्या प्रतिमेत घडला आहे, हे आम्ही दर रविवारी म्हणतो. ते खरं असेल तर त्याचा भाव बँक, बाजार, हुंडा किंवा सातबारा यांपैकी कुणालाही ठरवता येत नाही. हे वाक्य म्हणायला सोपं आहे. पण ज्या जिल्ह्यात माणसं स्वतःला शून्य भावाची समजून मेली, तिथं ते वागून दाखवणं ही श्रद्धेची पहिली जबाबदारी आहे, आणि ती पार पाडायला आम्हाला कुणाच्या परवानगीची गरज नाही.